फुग्यांची खोली

“हितं खोकी चिकटवली की ते काम, अन् घरी म्हातारीचं हागमूत काढलं की ते काम न्हाई,” असं गौतमी एकदा म्हणाली होती.

उरवड्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. घरी सासू साळूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. त्याआधी नात जुईलीला तीच बघायची. आता शेजारची उषा दोघींकडे बघे, तीही कुरकुरत. नवरा कैलास भूगावला विटांचा टेम्पो चालवायचा. पोरीचं बघणं त्याच्या हिशेबात कधी आलंच नाही.

मग परदेशी गिऱ्हाइकांची माणसं कारखाना बघायला येणार म्हणून एक रिकामी खोली रंगवली. भिंतीवर फुगे काढले, दारावर ‘पाळणाघर’ अशी पाटी लागली. ऑफिसातल्या नलिनी मॅडमनी बायकांना सांगितलं, उद्या मुलं घेऊन या.

जुईली दिवसभर प्लास्टिकच्या घोड्यावर बसली. बघायला आलेल्या साहेबांनी तिचा फोटो काढला. जेवणाच्या सुट्टीत गौतमीने तिला आपल्या हाताने भरवलं. संध्याकाळी घरी येऊन तिने उषाला सांगितलं, आता पोरीची काळजी नको, फक्त म्हातारीला पाणी पाज. उषाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्यांच्या घरची दुपारची धुणीभांडी धरली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका मोकळ्या हातांनी आल्या. गौतमी एकटीच पोरीला घेऊन आली. खोलीत छतापर्यंत खोकी रचली होती. तिनेच चिकटवलेली. फुगे त्यांच्यामागे गेले होते.

“अगं, ते कालच्यापुरतं होतं,” मॅडम म्हणाल्या. “हिला कोणाकडे तरी ठेवून ये. अर्धा दिवस मांडते. नाही जमलं तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल.”

“कुनाकडं ठिवू, मॅडम?”

मॅडमनी मान वळवली. “माझा मुलगा निषाद तिकडे नगरला आईकडे वाढतोय. मी कोणाला विचारलं?”

लाइनीवरची एक म्हणाली, “घाल तिलाबी खोक्यात. चिकटपट्टी मी लावते.”

बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून जुईलीही हसली.

गौतमीने डोक्यावरची जाळीची टोपी काढली, घडी घालून टेबलावर ठेवली. पोरीला कडेवर घेतलं आणि खोक्यांच्या मधून वाट काढत फाटकाबाहेर निघून गेली.