वेळ संपल्यावर आलेली गाडी

नोकरीत मी शेकड्यांनी जबाब घेतले. या प्रकरणात एक जबाब माझा स्वतःचा असायला हवा होता, आणि तो कुठल्याच कागदावर नाही. बायकोलाही मी तो कधी सांगितला नाही. त्या दुपारचं काही केल्या विसरायला होत नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे. नावं कुणाचीच देत नाही. माझं नाव दिलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढं धैर्य अजून गोळा झालेलं नाही.

साथीचं दुसरं वर्ष होतं. मी कर्नाटक पोलिसात, पण घरचा मराठी. बेळगावजवळच्या खेड्यात वाढलेला. निपाणीपलीकडच्या नाक्यावर माझी नेमणूक होती. एरवी दोन राज्यांमधली ही हद्द कुणाच्या लक्षातही येत नाही. घर इकडे, शेत तिकडे, लेक इकडची आणि जावई तिकडचा, असा हा मुलूख. त्या वर्षी मात्र रस्त्यावर बॅरिकेड आले आणि माणसांना पहिल्यांदाच कळलं की आपण दोन राज्यांत राहतो.

नियम असा होता. सीमेलगतच्या गावांतल्या खासगी गाड्यांना तहसील कार्यालयातून पास मिळायचा. तो पास काचेवर चिकटवून सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्याच वेळात हद्द ओलांडायची. मधल्या वेळेत फक्त रुग्णवाहिका, दूध आणि भाजी. दहा वाजून गेले की दोरी आडवी. मग पुढे उभा असलेला माणूस किती का रडेना, आम्ही त्याला संध्याकाळची वेळ सांगायचो. पहिले काही दिवस जड गेलं. नंतर जीभ आपोआप बोलायला लागली.

खबर दिली ती शेताकडेच्या एका किराणा दुकानदाराने. हा माझा जुना खबऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, एक पांढरी व्हॅन हाय. दुपारी नाका चुकवून उसातल्या वाटंनं जात्या. जाताना कानडी असत्या, येताना मराठी."

"म्हणजे?"

"हिकडं असताना केएची नंबरप्लेट, तिकडं गेली की एमएचची. आन् जाताना मागनं लई बसल्याली असत्या. जड माल हाय कायतरी."

जड माल आणि दोन नंबरप्लेट. आमच्या भागात याचा अर्थ शोधावा लागत नाही. मी गुटखा धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आणि हवालदार घेऊन उसाच्या वाटेवर थांबलो. दुपारी व्हॅन आली. चालवणारा पंचेचाळिशीचा, हाताला वेल्डिंगच्या भाजल्याच्या खुणा. आम्हाला बघून त्याने गाडी पळवली नाही, नुसती थांबवली. हे मी तेव्हाच नोंदवायला हवं होतं. गुटख्यावाला आधी गियर टाकतो.

मागचं दार उघडलं तर आत पोतं नव्हतं. घोंगडीखाली ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते.

त्या दिवसांत ऑक्सिजनचा काळा बाजार जोरात होता. वरून सक्त सूचना होती. माझ्या डोक्यात गुटख्याच्या जागी सिलिंडर आला, बाकी सगळं तसंच राहिलं. सीटखाली दुसरी नंबरप्लेट सापडली, तेव्हा तर मला खात्रीच पटली.

नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याला बसवलं. पंच मिळेनात, शेवटी दोन दूधवाल्यांना थांबवून पंचनामा सुरू केला. व्हॅनवाला बेळगावलगतच्या मच्छे गावच्या कारखान्यांकडचा, एका फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला होता.

"सिलिंडर कुणाचे?"

"दुकानाचं हाईत सायेब. मालकानं दिल्यात. दाजीला लावायचं हाईत."

शेजारी उभा असलेला माझा हवालदार हसला. "सर, सकाळपासनं हे सातवं दाजी. आज समद्यांचं दाजीच आजारी पडल्यात."

मीही हसलो. 

"नंबरप्लेट दोन कशाला?"

"एक... ती भावाच्या गाडीची हाय. चुकून ऱ्हायली."

हे खोटं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. थोडं दरडावल्यावर त्याने कबूल केलं. तिकडच्या गावात पोरं केएच्या गाडीला शिरू देत नाहीत, रोग घेऊन आला म्हणून दगड मारतात, म्हणून बहिणीच्या घरच्या जुन्या गाडीची प्लेट तो लावत होता. सीमेवरच्या निम्म्या लोकांनी तेव्हा हेच केलं असेल. पण पोलिसी शिकवण अशी की एकदा खोटं सापडलं की त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्याला किंमत नाही. मी तसंच केलं.

"मग सकाळी वेळेत का गेला नाहीस?"

"सिलिंडर भरायला पहाटंपासनं लायनीत हुतो सायेब. नंबर लागला तवा दहा वाजून गेलते. वेळ पाळाय गेलो तर सिलिंडर न्हाय, सिलिंडर घ्यावा तर वेळ न्हाय. तुमीच सांगा, काय करू?"

 आरोपीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो.

त्याचा मोबाईल टेबलावर होता. तो वाजायला लागला. नाव दिसत होतं 'धाकटी'. तो हात पुढे करायला लागला, शिपायाने तो धरला. मी फोन घेऊन शेडच्या मागे गेलो.

इथे माझ्या कामाची एक रीत सांगायला हवी. आमच्या ठाण्यात बहुतेक जण कर्नाटकाच्या आतल्या भागातले, कन्नड बोलणारे. हद्दीपलीकडच्या माणसाकडून काही काढून घ्यायचं असलं की मला पुढे करायचे. मी गावाकडच्या बोलीत बोललो की समोरच्याला पोलीस वाटत नाही, पाव्हणा वाटतो. या युक्तीने मी तीन-चार मोठी प्रकरणं उलगडली होती. वरिष्ठ कौतुक करायचे. मला त्याचा अभिमान होता.

मी फोन उचलला.

"अण्णा, कुठं हाईस? किती येळ?"

"अण्णा गाडी चालवायलाय आक्का. मी त्याच्यासंगं हाय. बोला."

"सिलिंडर मिळाला काय?"

"मिळाला की. दोन मिळालं."

"हितं तालुक्याच्या दवाखान्यात एक खाट रिकामी झाल्या म्हणत्यात. शेजारच्यांनी गाडी दारात लावल्या. यास्नी आत्ता हलवायचं म्हणत्यात. काय करू? हलवू काय थांबू?"

मला वाटलं, हे गिऱ्हाईक आहे. माल यायच्या आत जागा बदलतंय. त्यांनी जागा सोडली तर हाती काही लागणार नाही. तिकडच्या ठाण्याला कळवून घरावर छापा घालायचा, म्हणजे दोन्ही टोकं एकदम सापडतील. हे सगळं तिचं वाक्य संपेपर्यंत डोक्यात जुळून आलं होतं.

"कुठं हलवतासा आक्का," मी म्हणालो. "आमी आलोच की. वाटंतच हाव. कुठं जाऊ नकासा. घर कुठलं म्हणायचं, देवळाच्या अंगाचं?"

"व्हय, देवळामागचं. पत्र्याचं." मग ती कुणाला तरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, अण्णाचा माणूस बोलला, यायलेत म्हनं. गाडी परत न्हे."

तिच्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. ओढून घेतलेला, करवतीसारखा. मी तो ऐकला. ऐकला नाही असं लिहिलं तर हा कागद फाडून टाकलेला बरा.

गाव त्याने जबाबात आधीच सांगितलं होतं; मी तिकडच्या ठाण्याला पत्ता कळवला. परत आलो तर हवालदार हळूच म्हणाला, "सर, खरं असंल तर? मोटारसायकलवर एक सिलिंडर बांधून पाठवू काय? वीस मिनिटांचा रस्ता हाय."

"मुद्देमाल आहे तो," मी म्हणालो. "लाखेचं सील लाव."

त्याने सील लावलं. आत बसलेला माणूस एकदाही ओरडला नाही. नुसता म्हणत होता, "सायेब, आधी एक न्हेऊन द्या, मग मला कुठंबी टाका." पंचनामा कन्नडमध्ये होता. मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला आणि त्याने सही केली.

तिकडच्या ठाण्याची माणसं कमी होती, त्यांनाही पोचायला उशीर झाला. संध्याकाळची वेळ उघडण्याच्या सुमारास त्यांच्या फौजदाराचा फोन आला.

"साहेब, इथं माल-बिल काही नाही. साधं विणकराचं घर आहे. पेशंट होता."

"होता म्हणजे?"

"संपला. तासभर झाला. शेजारी भडकलेत. गाडी दारात उभी होती, खाट मिळत होती. ती बाई म्हणते, भावाच्या माणसानं फोनवर थांबा म्हणून सांगितलं. तुमच्याकडं कोण आहे तो माणूस?"

मी शेडकडे पाठ केली.  मी खून बघितले आहेत, रेल्वेखाली गेलेली माणसं उचलली आहेत, पण त्यातलं कुणी माझ्या शब्दावर थांबलं नव्हतं. 

"माहीत नाही," मी म्हणालो. "गाडीत हा एकटाच होता."

मग मी शेडमध्ये गेलो आणि दाजी गेल्याचं त्याला सांगितलं.  त्याने माझ्या मास्ककडे बघितलं. मग विचारलं, "माझ्या फोनवरनं कोण बोललं सायेब?"

"इथून कोणी नाही," मी म्हणालो.

नंबरप्लेटचा दंड करून त्याला पाच वाजता सोडला. पास बघितलाही नाही. सिलिंडरही दिले. त्याने एकही उचलला नाही. हवालदाराने दोन्ही व्हॅनमध्ये ठेवले.

चौकशी झाली नाही, कारण तक्रार आली नाही. दोन वर्षांनी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. लोकांना पाठदुखीचं कारण सांगितलं.

गेल्या वर्षी मी मच्छ्याला त्याच्या दुकानात गेलो. फाटक करून घ्यायचं निमित्त काढलं. तेव्हा मास्क होता, त्यामुळे त्याने मला ओळखलं नाही. मापं घेता घेता मी गावाकडची चौकशी करावी तसं विचारलं, बहीण-भाऊ काय म्हणतात?

"एक बहीण हाय, तिकडं कागलकडं," तो म्हणाला. "बोलत न्हाय माझ्यासंगं. दाजी गेलं तवा मला पोलिसांनी धरल्यालं. माझ्या फोनवर कुणीतरी तिला थांब म्हणून सांगितलं. मी सांगतो, फोन नाक्यावरच्या सायबानं मागं न्हेलता, पोलीसच असणार त्यो. ती म्हणत्या, कर्नाटकचा पोलीस मला आक्का म्हणंल व्हय? आपल्यासारखा बोलंल व्हय? आपलाच माणूस हुता त्यो, तू लपवायलास, म्हणत्या."

"मग?"

"मग काय. राखीला बी येत न्हाय." त्याने टेप गुंडाळली. "सायेब, फाटकाला जाळी घालायची काय साधी पट्टी?"

मी पट्टी म्हणालो आणि निघून आलो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचारलं तर मी सांगीन, की संकटातल्या माणसाची हकीगत आणि लबाडाची हकीगत ऐकायला सारखीच असते, कारण लबाड ती संकटातल्या माणसाकडूनच उचलतो. ती रोज ऐकून कान बधिर होतात, आणि बधिर झालेल्या कानांना आम्ही अनुभव म्हणतो. संशय घेणं माझं कामच होतं, त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण खात्री करायला वीस मिनिटांचा रस्ता होता, मोटारसायकल होती आणि विचारणारा हवालदार होता. मी खात्री केली नाही. तिला थांबवून ठेवलं, आणि ज्या बोलीत माझ्या आईने मला वाढवलं त्या बोलीत थांबवून ठेवलं.

हे छापून आलं तरी काही फिटत नाही. ती बाई हे वाचणार नाही, आणि वाचलं तरी यात नाव नाही. देवळामागच्या त्या पत्र्याच्या घरी जाऊन, तिच्या समोर उभं राहून मला सांगायचं आहे, की फोनवरचा माणूस तुमच्या भावाचा नव्हता, तो मी होतो, आणि तुमचा भाऊ पहिल्यापासून खरं बोलत होता. एवढं मी त्या दोघांना देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.