तुडवलेल्या शेताचं रसग्रहण

पुण्याहून एसटी सुटली तेव्हाच मला कंटाळा आला होता. गुडघे ठणकत होते, पिशवीत माझ्याच गाईडच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं होती आणि जायचं होतं बोरी बुद्रुकला, एका कवितेवर बोलायला. कविता दहावीच्या पुस्तकातली. पीक निघालेलं शेत, कोपऱ्यात धुमसणारी चूल, असंख्य पायांनी तुडवलेली माती आणि सकाळी बांधावर गप्प बसलेला बाप, एवढंच तिच्यात आहे. कवी आंबेगावचे, आता हयात नाहीत. मी जन्मभर ती शिकवली. तिचं मी लिहिलेलं रसग्रहण गावोगावची मुलं घोकतात, याचा मला अभिमान होता.

बोलावलं होतं अनिताने. ती बोरीची, पुण्यात आत्याकडे राहून माझ्या वर्गात शिकली आणि आता गावच्या शाळेत मराठी शिकवते. दहावीत तिने लिहिलं होतं की ही समाधानाची कविता आहे. मी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. खाली लाल शाईने शेरा मारला, 'आशय समजलेला नाही.' तिचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा तो शेराच आठवला.

मंचरला बस बराच वेळ थांबली. चहा नुसता साखरेचा पाक होता. चहावाल्याला म्हटलं, "कवी तुमच्याच तालुक्यातले ना?"

"व्हय तर! लई दुःखी माणूस व्हता."

"भेटला होतात?"

"नाय ओ. पोरीच्या गाईडात लिवलंय."

मी उरलेला चहा टाकून दिला.

नारायणगावात उतरून रिक्षा केली. बोरीच्या अलीकडे ती पंक्चर झाली आणि स्टेपनीतही हवा नव्हती. रिक्षावाला टायर घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. मी वैतागून बांधावर बसलो. समोर सोयाबीन निघालेलं रान होतं. त्यात वाघर (मेंढ्यांभोवती उभी करायची जाळी) काढून गुंडाळण्याचं काम चाललं होतं. कोपऱ्यात तीन दगडांची चूल धुमसत होती. माती तर अशी तुडवलेली, की बोट ठेवायला जागा नाही. हे शेत मला तोंडपाठ होतं.

जाळी गुंडाळणाऱ्या धनगर बाईंनी विचारलं, "कुटलं पावणं?"

"पुण्याचा. इथं काय झालं हो?"

"काय व्हतंय? तीन रात्री मेंढरं बसवली. लेंड्या-मूत पडलं, आता रान पिकंल बगा. आमी चाललो मढ गावावरनं घाट उतरून खाली कोकणात."

पलीकडच्या बांधावर शेताचा मालक बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून, अगदी गप्प. मी हलक्या आवाजात विचारलं, "ते असे का बसलेत?"

बाई हसल्या. "त्याला काय झालंय! लई दिस वाट बगत व्हता आमची. आता पोटभर बगतोय."

कवितेत मेंढरं कुठेच नाहीत. कवीच्या गावात ती सांगायची गरजच पडली नसणार. अनिताला मात्र ती दिसली होती. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकवा आला.

शाळेत अनिताने वाकून नमस्कार केला. भाषण बाजूला ठेवून मी मुलांना विचारलं, "कुणाकुणाच्या रानात मेंढरं बसवतात?"

जवळजवळ सगळे हात वर.

"मग घरी वाईट वाटतं?"

वर्गात खसखस पिकली. मागची एक मुलगी म्हणाली, "सर, मेंढरांच्या मागं तर आमी मेथी करतो. लई भारी येती!"

"बरं. आता सांगा, कवितेतलं तुडवलेलं शेत म्हणजे काय?"

हसू थांबलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तुडवलेले शेत हे कवीच्या उद्ध्वस्त मनाचे प्रतीक आहे."

वाक्य माझंच होतं, शब्दन् शब्द घोटलेलं. मी अनिताकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, मी तुमचंच लिहून देते. मार्क त्यालाच पडतात. मला पडले नव्हते ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, अनिता," एवढंच मला म्हणता आलं. तिने पिशवीत मेथीची जुडी ठेवली.

परतीची बस मिळाली तेव्हा ऊन कलत होतं. वाटेत उजाड रानं लागत होती. इतकी वर्षं मी याच रस्त्याने शिवनेरीला सहली नेल्या, आणि खिडकीबाहेर कधी धड पाहिलं नाही. कविता समजावून सांगता सांगता मी ती मुलांच्या हातून काढून घेतली होती, आणि त्यांनी मुकाट्याने देऊन टाकली होती. मुद्रितं काढून मी ते वाक्य खोडलं. जागा रिकामी राहिली. काय लिहावं सुचेना. शेवटी अनिताला फोन केला.

"तुझ्या वहीत काय होतं गं? नेमकं वाक्य आठवत नाही मला."

वीस वर्षं उलटून गेली होती. तिला क्षणभरही लागला नाही.

"वावर भरलंय, म्हणून बाप गप बसलाय."