बाबांच्या वतीने

परळच्या त्या रुग्णालयातल्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. बाबांचं मनगट धरून ती नाडी मोजत असल्यासारखी उभी राही. नजर मात्र त्यांच्या छातीवर असे. श्वास मोजतायत हे कळलं की पेशंट तो मुद्दाम नीट घेतो, म्हणून हे नाटक.

त्या सकाळी बाबांना सोडायचं की नाही ते ठरायचं होतं. त्यांना घर हवं होतं. मला वॉर्डातल्या स्टुलावरून सुटका हवी होती, हे कबूल करायला हवं.

"आजोबा, राहता कुठे?"

"डिलाईल रोडला," मी म्हणालो.

"जिना चढताना दम लागतो?"

"छे, अजिबात नाही." हेही मीच.

"दादा, फुप्फुसं तुमची तपासतेय का मी?" ती म्हणाली. "ह्यांचं बोलणं कुठे तुटतं ते मला ऐकायचंय. आजोबा, तुम्ही सांगा. घरी कसं असतं?"

बाबांनी श्वास घेतला. "हा मला..." पुन्हा घेतला. "घरी बोलूच..." पुढचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. "देत नाही."

"मग घरी दम लागेलच कशाला? बोलायची ड्युटी मुलाकडे."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. मी काळजीपोटी बोलतो, असं मला खरंच वाटायचं.

ती डॉक्टरांशी बोलून आली आणि तिने तपासणीपुरती काढून ठेवलेली ऑक्सिजनची नळी बाबांच्या नाकाला परत लावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "निघायचं... ना?"

मी सिस्टरकडे पाहिलं.

"आता का गप्प?" ती म्हणाली. "सांगा की त्यांना."