रुमालाखालचं बोट

शेटनं गोडाऊनच्या आम्हा दोघा कारकुनांना शहापूरला एआयच्या छोट्या कोर्सला पाठवलं. तिथंही माझा जोडीदार मोबाईल रुमालाखाली धरूनच टाइप करायचा. म्हशाच्या जत्रेत बैलांचा सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून. एक बोट म्हणजे शंभर की हजार, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. "मनातलं उघड्यावर मांडू नाय," तो पुटपुटायचा.

दुपारी वर्ग पेंगुळला होता. पडद्यावर आमची बिलं आपोआप उमटत होती, स्वप्नात उमटावीत तशी. मी हळूच विचारलं, "आपली नोकरी किती टिकंल रे?"

त्यानं माझा हात रुमालाखाली ओढला आणि एकच बोट दाबलं. महिना, की वर्ष? जत्रेत हे तोंडानं विचारत नाहीत. मीही विचारलं नाही. वर्ग सुटेपर्यंत त्यानं ते बोट सोडलं नाही.