बारा फुटांचा दोर

काथ्याच्या दोराचा वास आला की संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातली ती दुपार आठवते. लालबागला आमची मोटार बंद पडली होती, दुकानं धडाधड बंद होत होती. मोटार लॉरीमागे बांधून दादरला न्यायची होती.

"लोखंडी दांडा लाव रे, हिचे ब्रेक धड नाहीत, दोराने लॉरीवर आदळेल," बाबा लॉरीवाल्याला म्हणाले.

"दांडा सोडवायला पाच मिनिटं लागतात, साहेब. पुढे दगडफेक झाली तर दोर एका घावात तोडून, मोटार सोडून लॉरी पळवता येते." लॉरीवाल्याने बारा फुटांचा दोर बांधला आणि कोयता सीटवर ठेवला.

 बाबा मला म्हणाले, "तू पुढे लॉरीत बस."

मी विशीतला. त्यांचा माझ्या स्टिअरिंगवर भरवसा नाही, म्हणून चिडलो. आज त्यांच्या वयाचा झाल्यावर कळतं. लॉरीच्या मागच्या काचेतून पाहिलं, तर ते एकटे मोटारीत बसून दोराकडे बघत होते.