खट् वाजणारी फर्शी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे छत्तीसगढातल्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे. रेल्वेच्या इंजिनीयरिंग ऑफिसात तीस वर्षं मी रुळांच्या देखभालीचे कागद सांभाळले. तिथे बोटभर फरक पडला तरी गाडी थांबवतात. त्यामुळे निवृत्त होऊन दिवसभर घरी राहायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं आणि घरासमोरच्या फुटपाथचं बिनसलं.

फुटपाथ म्हणावा असं त्यात होतं तरी काय? ज्याने त्याने आपली स्कूटर घरात चढवायला सिमेंटचा उतार काढलेला. मेडिकलवाल्याने दोन पायऱ्या पुढे आणलेल्या. नालीवरचं एक झाकण गायब. उरलेल्या जागेत उन्हाळा संपल्यावर लोकांनी आपापले कूलर आणून ठेवलेले, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच.

सायकलचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी सायकल घेतली आणि सकाळी पंडरीच्या बाजारापर्यंत जायला लागलो. वाटेत एका रस्त्याच्या कडेला हिरवा रंग मारून सायकलींसाठी पट्टा आखला आहे. त्यावर सायकल सोडून सगळं काही असतं: मोटारी, गुपचुपचे, म्हणजे पाणीपुरीचे, ठेले, कुणाच्या तरी लग्नाच्या मंडपाचे बांबू. 'फक्त सायकलींसाठी' असा फलकही आहे, आणि तो त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यात रोवलेला आहे. सायकलवाल्याने त्याला वळसा घालायचा म्हणजे ट्रकांमध्ये उतरायचं. मी फोनवरून महापालिकेकडे त्याची फोटोसकट तक्रार केली. चार महिन्यांनी निरोप आला, निराकरण झालं. जाऊन पाहतो तर फलकाला नवा रंग दिलेला!

असा मी तक्रारी करणारा माणूस झालो. बायको म्हणायची, "तुम्ही रिटायर झाले नाही, नुसतं ऑफिस बदललं." पण खरी तक्रार मी केली ती अक्कासाठी. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

अक्का माझी मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं तिने. शुगरने तिची नजर हळूहळू नेली, आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. चहा तिच्या हातात द्यावा लागतो, गोळ्या काढून द्याव्या लागतात, आणि यातलं काहीही तिला आवडत नाही. एकच गोष्ट ती एकटी करायची. संध्याकाळी पाच वाजता काठी घेऊन निघायची आणि पुढच्या गल्लीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे जायची. ही मैत्रीण तिच्याच शाळेतली, छत्तीसगढी बाई, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारी. ती अक्काला पेपर वाचून दाखवायची. मग दोघी मिळून सरकारपासून मैत्रिणीच्या सुनेपर्यंत सगळ्यांना नावं ठेवायच्या, आणि सात वाजता अक्का परत. कुणी सोबत निघालेलं तिला चालत नसे.

तिची वाट तिच्या पायांत होती. फाटकातून उजवीकडे वळलं की शेजाऱ्यांचा स्कूटरचा उतार. मग मेडिकलच्या दारातून येणारी एसीची गार झुळूक. पुढे नालीचा वास आला की एक पाऊल लांब टाकायचं, कारण तिथे झाकण नाही. मग विजेचा खांब, त्याच्या डाव्या बाजूने. आणि गल्लीच्या तोंडाशी एक सुटी फर्शी. तिच्यावर पाय पडला की ती खट् वाजायची. खट् वाजलं की उजवीकडे, मैत्रिणीच्या गल्लीत. न वळता सरळ गेलं तर दहा पावलांवर मोठा रस्ता, आणि तिथे कोण कुणासाठी थांबतं?

मला ती फर्शी डोळ्यांसमोर नको होती. सांधा सुटलेली कुठलीही वस्तू मला बघवत नाही. अक्काला म्हटलं, "ही फर्शी काढायलाच लावतो मी आता."

"राहू दे न. तुले काय करून राहिली ते?"

"अक्का, एखाद्या दिवशी पडशील."

"इतकी वर्षं पडली काय मी?"

मला वाटलं, तिच्या पिढीच्या बायका अशाच, मोडक्या वस्तूशीही जमवून घेतात. मी ऐकलं नाही. गल्लीगल्लीत फिरून सह्या गोळा केल्या. मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना तर फोनवरून फोटोसकट तक्रार कशी करायची हे बसून शिकवलं. ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी सात तक्रारी ठोकल्या.

आणि आश्चर्य म्हणजे काम मंजूर झालं. जेसीबी आली, मजूर आले, मिस्त्री आला. मी रोज खुर्ची टाकून देखरेखीला. सगळ्यांना चहा माझा. पहिल्याच दिवशी मी मिस्त्रीला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि म्हणालो, "सबसे पहले वो निकालो." त्याने सब्बल, म्हणजे पहार, घातली आणि फर्शी निघाली. मला इतकं समाधान निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

नवा फुटपाथ दिसायला देखणा झाला. लाल आणि करड्या रंगाचे ब्लॉक, नालीवर नवी झाकणं, मधून उठावदार ठिपक्यांची पिवळी पट्टी. कामावरचे साहेब मला म्हणाले, "अंकल, ये ब्लाइंड लोगों के लिए है." मी त्यांना दुसरा चहा दिला. फुटपाथची उंची मात्र गुडघ्याच्या खाली चार बोटं झाली होती. इतका उंच कशाला, असं विचारलं तर म्हणाले, गाड्या चढू नयेत म्हणून. माणसांनी कसं चढायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि रोज तिथे खुर्ची टाकून बसणाऱ्या मलाही ते सुचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी हट्टाने अक्कासोबत गेलो. हात देऊन तिला वर चढवलं. पिवळी पट्टी पायाला लागली तेव्हा तिला बरं वाटलं. "हे चांगलं केलं," म्हणाली, आणि पट्टीवरून सरळ चालायला लागली. मी मागे, छाती फुगवून. ती पट्टी थेट विजेच्या खांबापर्यंत जाते, तिथे थांबते आणि खांबाच्या पलीकडून पुन्हा सुरू होते. हे मी इतके दिवस पाहत होतो. पाहत होतो आणि मला दिसलं नाही. मी ओरडेपर्यंत अक्काचं कपाळ खांबावर आदळलं.

ती रडली नाही. खांबाला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "हा तर इथंच होता. मीच पट्टीचं ऐकलं."

टेंगूळ आलं होतं, तरी ती पुढे निघाली. थोडं गेल्यावर तिची चाल मंदावली. काठीने इकडे तिकडे चाचपलं. सगळीकडे सारखेच ब्लॉक, सारखाच आवाज. ती मध्येच थांबली.

"खट् कुठं गेलं?"

मी खाली ब्लॉकांकडे पाहिलं.

"काढलं काय तू?"

"अक्का, ते लोक सगळंच..."

"घरी चल," ती म्हणाली आणि तिने माझं कोपर धरलं. रस्त्यात तिने माझं कोपर कधीच धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी ती पलंगावरून उठली नाही. मी म्हटलं, चल, मी सोडतो. तर फणकारली, "मी काय पार्सल हाय काय, पोचवून द्याले?" तिसऱ्या दिवशीही तेच. मैत्रिणीचा फोन यायचा, दोघी दोन मिनिटं बोलायच्या, आणि फोन ठेवून अक्का भिंतीकडे तोंड करून पडायची. कपाळावरचं टेंगूळ उतरलं, पण ती उठली नाही. मी मारे तिच्यासाठी लढलो होतो, आणि तिच्याजवळ असलेली एकमेव गोष्ट मीच काढून घेतली होती. मला स्वतःची इतकी चीड आली की दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

मग सवयीप्रमाणे तक्रार केली. उंची कमी करा, पट्टी खांबापासून बाजूला घ्या. या वेळी उत्तर आठवड्यात आलं. निराकरण झालं, सोबत फोटो. फोटोत नवाकोरा फुटपाथ, आणि एका कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून, प्रसन्न चेहऱ्याने उभा असलेला मी.

बायकोने फोटो पाहिला आणि म्हणाली, "त्या फोनले काय विचारता? जिचा रस्ता आहे तिले विचारा न."

वर्षभर मी त्या फुटपाथबद्दल सगळ्या गावाशी बोललो होतो. अक्काला एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या पलंगापाशी जाऊन बसलो आणि विचारलं, तुला काय काय पाहिजे? ती उठून बसली. मग म्हणाली, "चढाले एक पायरी कर. खांबाचं मी पाहून घेईन. आणि माझं खट् आणून दे."

पायरी मी स्वतः केली, विटा आणि सिमेंटची, आमच्या फाटकासमोर. मेडिकलवाला त्याच्या दारातून पाहत होता. त्याच्या पायऱ्यांवरून मी त्याला किती बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. "अंकल, फुटपाथ पर सीढ़ी?" त्याने विचारलं. "हां, सीढ़ी," मी म्हणालो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. खांबाला जुनी गोधडी बांधली. आठ दिवसांत तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात लागली, पण गोधडी टिकली.

राहिली फर्शी. कामाचा मलबा नियमाप्रमाणे उचलायला हवा होता. तो मागच्या मोकळ्या प्लॉटवर तसाच पडला होता, आणि त्याचीही तक्रार मीच केलेली होती. नशीब माझं की नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या ढिगाऱ्यात सकाळभर उकरून मी ती फर्शी शोधली. एक कोपरा फुटला होता. सायकलच्या कॅरियरला बांधून, सायकल ढकलत ती आणली. गल्लीच्या तोंडाशी चार ब्लॉक उपटले आणि तिथे फर्शी बसवली. बसवली म्हणजे नीट बसू दिली नाही. खाली मधोमध टाईलचा तुकडा सरकवला आणि उभा राहून पाहिलं. आवाज नाही. तुकडा सरकवला, पुन्हा उभा राहिलो. ज्याने जन्मभर एकही सांधा सुटा राहू नये म्हणून कागद रंगवले, तो मी तासभर गुडघे टेकून एक सांधा सुटा करत होतो. शेवटी वाजली. खट्!

संध्याकाळी अक्का निघाली. काठी पायरीला लागली.

"हे काय?"

"पायरी."

"फुटपाथच्या समोर?"

"अक्का, आता तू सुरू नको होऊ."

खांबाच्या डावीकडून गेली. फर्शीवर पाय पडला, खट्. ती थांबली, पाय उचलून पुन्हा टेकवला. खट्. मग चपलेने फुटका कोपरा चाचपला आणि हसली. किती दिवसांनी हसली! "जुनीच हाय," म्हणाली. "आता तू जाय घरी. माझ्या मागं येऊ नको."

इथे हे संपायला हवं होतं. पण आठवडाभरात, भर दुपारी, सब्बल आणि घमेलं घेऊन तोच मिस्त्री हजर. "बाबूजी, शिकायत आई है. यहाँ फर्शी हिलती है." त्याच्या फोनवर तक्रारीखालचं नाव वाचलं. तक्रार मास्तरांची होती, मीच शिकवल्याप्रमाणे बरोबर फोटोसकट. जन्मात पहिल्यांदा एखादी तक्रार दुसऱ्या दिवशी हाताळली जात होती, आणि नेमकी हीच!

मी फर्शीवर उभा राहिलो. "हिलती है तो हिलने दो."

"साहब चिल्लाएगा, बाबूजी."

पाच वाजेपर्यंत मी त्याला चहावर थोपवून धरलं. अक्का निघाली. मी फर्शीवरून बाजूला झालो आणि त्याला हाताने गप्प राहायची खूण केली. ती आली, खट् वाजलं, ती उजवीकडे वळली आणि गल्लीत दिसेनाशी झाली. मिस्त्री तिकडे पाहत राहिला. मग फर्शीकडे पाहिलं. "हव," म्हणजे हो, एवढंच म्हणाला. शेजारच्या घट्ट ब्लॉकांचा फोटो काढून पाठवला आणि घमेलं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात, लालबुंद. "अहो, निराकरण म्हणतेत हे लोक! मी आत्ता पाय देऊन आलो, तशीच हलून राहिली न!"

त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फोन काढून आपली तक्रार पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पावसात खाली माती बसली तर आवाज बंद होईन तिचा."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं म्हातारे ती फर्शी उचलतो, खालची माती काढतो, टाईलचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहतो आणि फर्शी परत ठेवतो. येणारे जाणारे बघतात. मास्तर त्यांना सांगतात, देखभाल सुरू आहे.

पाच वाजता मी दारात जात नाही, तिने मना केलं आहे. खिडकीशी चहा घेऊन बसतो आणि कान तिकडे लावतो. खट् ऐकू आलं की मगच कपाला हात लावतो. पण नेमक्या त्याच वेळी एखादा गाढव हॉर्न दाबत जातो आणि माझं ऐकायचं राहून जातं. मग सात वाजता फाटक वाजेपर्यंत मी त्या हॉर्नवाल्याला शिव्या देत बसतो, आणि चहा तसाच राहतो.