चिडक्या पेशी

सकाळी संगणकावर आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकलेला दिसला आणि मी खुर्चीत ताठ झाले. आमच्या प्रयोगशाळेत मी माणसाच्या रक्तातून ॲलर्जीच्या पेशी वाढवते. एकाच रक्तातल्या पेशी दोन बाटल्यांत ठेवल्या होत्या. एकीत आठवडाभर ॲलर्जीचं प्रतिपिंड घातलं, दुसरीत नाही. जिच्यात घातलं, तिच्यातल्या पेशींच्या अंगावर ते पकडून ठेवणारे रिसेप्टर कितीतरी वाढले होते; उंचवटा सरकला तो त्यामुळेच. आता या पेशी जराशा कारणानेही भडकणार होत्या.

तेवढ्यात विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे आले की इन्क्युबेटर, म्हणजे पेशींचं उबदार कपाट, उघडून माझ्या बाटल्या हातात घेऊन दाखवायच्या, ही इथली रीत. पेशींना बाहेरची गार हवा सोसत नाही, हे मी चार वर्षं सांगतेय. आलेख पाहून सर म्हणाले, "या आमच्या मॅडमसारख्याच. जरा काही झालं की चिडतात." सगळे हसले.

माझं डोकंच फिरलं. चिडकी म्हणून शिक्का मारायला क्षण पुरतो. ती रोज कशात बुडालेली असते, ते कोण बघतं? दुसरी बाटलीही त्याच रक्ताची. ती शांत आहे, कारण तिच्या वाट्याला काही आलंच नाही. तिचं कौतुक मला नका सांगू.

"सर, या मुळात अशा नव्हत्या," मी म्हणाले. "आठवडाभर मीच त्यांना त्यात ठेवलं."

"अहो, गंमत केली," म्हणत त्यांनी सवयीने इन्क्युबेटरच्या दाराला हात घातला.

मी माझा हात त्या दारावर ठेवला आणि काढला नाही.